मागचं शीड

३ नोव्हेंबर, सोमवार

आले एकदाची! दुकानाला कुलूप घातलं, लोकांचे अर्धवट शिवलेले पडदे मशीनखाली कोंबले आणि सकाळीच धक्क्यावर हजर झाले. ताईनं कडकडून मिठी मारली. दाजींनी माझी बॅग उचलताना उगाच कण्हून घेतलं आणि विचारलं, मेहुणीबाई, शिलाई मशीनही आणलंत की काय? मशीन नाही, पण दाभणं, जाड दोरा आणि मेण आणलंय. शीड फाटलं तर फुकटात शिवून देणारी कुणीतरी हवी म्हणून हे आग्रहाचं आमंत्रण आहे, एवढं कळतं मला.

होडी बाहेरून मोठी ऐटबाज, आतून चपलांच्या कपाटाएवढी. माझ्या वाट्याला एक फळी आलीय. कूस बदलायची तर आधी उठून बसावं लागतं. शेगडी झोपाळ्यासारखी टांगलेली आहे, त्यामुळे होडी कलली तरी चहा कलत नाही. हे मला फार आवडलं.

सोबतीला दुसरी होडी आहे. तिच्यावर डॉक्टर, म्हणजे दातांचे डॉक्टर, दाजींचे जुने दोस्त, आणि त्यांची बायको. त्यांना सगळेच वहिनी म्हणतात. दोन्ही होड्या किनाऱ्याच्या कडेकडेनं महिनाभर जाणार. शिवाय त्यांचा कुत्रा, पुढारी. सतत होडीच्या टोकाशी उभा राहतो, दिसेल त्यावर भुंकतो आणि काम म्हणून काही करत नाही, म्हणून हे नाव. आल्या आल्या त्यानं माझी एक चप्पल पळवली. आमची गट्टी जमणार.

५ नोव्हेंबर, बुधवार

काल दिवसभर ओकले. आज मात्र खडखडीत बरी. सुकाणूही धरलं थोडा वेळ. दाजी म्हणाले, सरळ रेघेत शिवतेस तशीच चालव. होडी काही कापड नाही, पण जमलं.

सकाळी वायरलेसवर डॉक्टरांचा आवाज येतो, ‘काय मंडळी, दात घासले का?’ रोज हाच विनोद. ताई रोज हसते. मीही हसायला लागलेय.

दुपारी खाडीत दोन्ही होड्या एकमेकींना बांधल्या. वहिनींच्या हिरव्या स्वेटरचं कोपर फाटलं होतं, ते रफू करून दिलं. हिरवा दोरा नव्हता, लाल वापरला. वहिनी आरशात बघून म्हणाल्या, झाला माझा पोपट! इतक्या हसलो की पुढारी घाबरून भुंकायला लागला.

८ नोव्हेंबर, शनिवार

आज फार घाबरलो, पण निभावलं.

वहिनींचा गुडघा धरला होता, म्हणून पुढारीला सकाळीच आमच्याकडे पोचवलं. निघालो आणि थोड्याच वेळात धुकं उतरलं. एवढं दाट की डोलकाठीचा शेंडा दिसेना. दाजी भोंगा वाजवत होते, उजवीकडून डॉक्टरांचा भोंगा उत्तर देत होता. मग त्यांचा आवाज थांबला. वायरलेसवरही काही नाही. बऱ्याच वेळानं भोंगा आला तो डावीकडून. दाजी म्हणाले, धुक्यात दिशा फसते.

जेवणाच्या सुमारास धुकं विरलं, तर त्यांची होडी नेहमीसारखी आमच्या मागे. ताईच्या डोळ्यांत पाणीच आलं. वायरलेसवर डॉक्टर म्हणाले, ‘काय मंडळी, दात घासले का?’ भर दुपारी! आम्ही पोट धरून हसलो.

पुढारी मात्र आपल्या माणसांची होडी दिसताच माझ्या फळीखाली शिरला. तिथेच त्यानं मुतून ठेवलं. अजून बाहेर आलेला नाही.

९ नोव्हेंबर, रविवार

आम्ही नांगर टाकला. ते आलेच नाहीत, लांबच थांबले. वारा अजिबात नाही, आमचं शीड ओल्या टॉवेलसारखं लोंबतंय. त्यांचं तट्ट फुगलेलं.

दाजींनी वायरलेसवर विचारलं, काय बिनसलं? डॉक्टरांनी उत्तर दिलं ते बुधवारी बोलले होते तेच. बटाटे मिळाले तर आमच्यासाठीही घ्या. शब्दन् शब्द तोच. ताईला वाटतं ते रुसलेत, दाजींनी गुडघ्यावरून थट्टा केली म्हणून. यावरून दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. मी दुर्बीण लावली. डेकवर दोघं उभी होती, आमच्याकडे तोंड करून. दुर्बीण ठेवेपर्यंत हलली नाहीत.

१० नोव्हेंबर, सोमवार

 सगळं नीट, क्रमानं लिहिते.

सकाळी एका लहानशा बंदरात शिरलो. धक्क्यावरच्या माणसानं आमचा दोर झेलला, मग त्याची नजर आमच्या मागे गेली आणि त्यानं दोर पाण्यात टाकून दिला. बंदराचा अधिकारी धावत आला. जाडजूड, वयस्कर माणूस. त्यानं विचारलं, ‘ती मागची तुमच्यासोबतची का?’ दाजी म्हणाले, हो, आमचे मित्र आहेत. तो दाजींना आणि मला जाळी ठेवायच्या शेडमध्ये घेऊन गेला.

जमिनीवर दोन माणसं झाकून ठेवली होती. शनिवारी धुक्यात होडी खडकावर फुटली, म्हणाला. चेहरे बघण्यासारखे नव्हते. पण हिरवा स्वेटर होता, आणि कोपरावर माझं लाल रफू. माझा टाका मी ओळखणार नाही तर कोण?

बाहेर आलो तेव्हा ती होडी बंदराच्या तोंडाशी आली होती. धक्का माणसांनी भरला होता. दाजींनी हात जोडले, निदान या दोघी बहिणींना उतरू द्या म्हणाले. अधिकारी म्हणाला, ‘तुम्ही जिथं थांबाल तिथं ते थांबतं. आम्हाला पोरंबाळं आहेत.’ मग लोकांनी बांबूंनी आमची होडी ढकलली. आम्हालाही ढकलूनच चढवलं. दगड आले. एक ताईच्या कपाळाला लागला. कुणी शिवीसुद्धा दिली नाही. गप्प राहून मारत होते.

११ नोव्हेंबर, मंगळवार

गप्प का होते ते आज कळलं.

वायरलेसवर वहिनींचा आवाज, ‘पुढारी, ये रे बाळा.’ पुढारी रडल्यासारखा विव्हळला. दाजींनी तार उपटली. मग तोच आवाज पाण्यावरून आला.

थोड्या वेळानं तिकडून ताईचा आवाज आला. ‘साखर संपत आलीय गं.’ ताई माझ्याशेजारी बसली होती, तोंड मिटून. हे ती सकाळी चहा करताना म्हणाली होती. खाली, दार लावून.

ते ऐकतं. ऐकलेलं ठेवून घेतं.

दाजींनी ओठांवर बोट ठेवलं. आता कुणी बोलायचं नाही. खुणा करायच्या, नाहीतर माझ्या या वहीत लिहायचं.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ती होडी जवळ आलीय. शिडावरचे टाके मोजता येतील इतकी.

कुत्र्याला गप्प कसं करायचं? तो भुंकतो, तिकडूनही भुंकणं येतं. दाजींनी खूण केली — पाण्यात. मी त्याला घट्ट धरून बसले. दाजींनी माझा दंड पिरगळला. माझे दाजी. ताईकडे बघितलं, तिनं मान फिरवली. मग तिनंच माझी बोटं एकेक करून सोडवली.

तो त्या होडीकडे गेलाच नाही. सरळ किनाऱ्याकडे पोहत सुटला. त्याला कुणी अडवलं नाही. तिकडे जे आहे त्याला कुत्रा नकोच होता.

पण तो पाण्यात पडला तेव्हा मी ओरडले. पुढारी, पुढारी — किती वेळा, देव जाणे. आता माझाही आवाज तिकडे आहे.

१३ नोव्हेंबर

दाजी गेले.

सुकाणूवर डुलकी लागली होती त्यांना. ताई नि मी खाली. पाण्यावरून माझा आवाज — ‘दाजी, ताई बुडतेय! दाजी!’ मी वर धावले तोवर त्यांनी उडी मारली होती. दोर टाकला. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग तिकडे. तिकडे पोहत गेले.

हे वाक्य मी कधीच बोलले नव्हते. आता ते ऐकलेलंच बोलतं असं नाही. स्वतः जुळवतं —

तिकडच्या डेकवर आता तिघं उभी आहेत.

१४ नोव्हेंबर

दार आतून लावलंय. ताईच्या कानात कापसाचे बोळे घातले. माझ्याही. उपयोग नाही, ऐकू येतंच.

दाजी हाका मारतायत. प्रेमानं. लग्नानंतर मारायचे तशा — ताईनं बोळे काढून फेकले.

होडीला काहीतरी टेकलं. हलकेच. खाडीत बांधायचो तसं.

डेकवर पावलं.

दाराशी मी बोलतेय. माझाच आवाज, रडवेला. ‘ताई, दार उघड गं. तुझ्याजवळ बसलीय ती मी नव्हे.’

ताई माझ्याकडे बघतेय. मागे सरकतेय. मी तोंड उघडलं तर तिनं कान झाकले — आवाजावर तिचा विश्वास उरलेला नाही. परवा माझी बोटं सोडवली तिनं, आज ती मला हातही लावू देत नाही —

कडीकडे चाललीय. वही तिच्यासमोर धरतेय. मोठ्या अक्षरात लिहितेय —

ताई वाच

ताई ही मी, इथे आहे. माझं अक्षर बघ. कडी काढू नको. बाहेर आहे ती मी न