बाबांना घेऊन लेथ बघायला गेलो त्याची हकीकत

आदरणीय दादांना त्यांच्या एकुलत्या एका बहिणीच्या नवऱ्याचा वाकून नमस्कार. (वाकून अशासाठी, की लेथ मशीन टेम्पोतून उतरवल्यापासून माझी कंबर सरळच होत नाही.) तुमचा गुडघा कसा आहे? वहिनींचा घसा बसला होता तो सुटला का? नसेल तर घाई करू नका, पण हे मी म्हटल्याचं त्यांना कळू देऊ नका. मुलांच्या परीक्षा संपल्या असतील. इकडे तुमची बहीण ठणठणीत आहे, बाबा ठणठणीत आहेत, आणि माझ्याबद्दल तुम्ही विचारलेलं नाहीच, तेव्हा तो विषय सोडून देतो.

तुमचा निरोप मिळाला. येत्या रविवारी बाबांना न्यायला गाडी घेऊन येताय, त्यांची बॅग भरून ठेवा, आणि ते मशीन कितीला पडलं ते खरं सांगा, असं तुम्ही कळवलंत. फोनवर सांगायला गेलो तर तुमची बहीण मध्येच फोन घेते आणि माझी फजिती तिच्या पद्धतीने सांगते, म्हणून हे पत्र तुमच्याकडे माल घेऊन निघालेल्या टेम्पोवाल्याच्या हाती देतो आहे. आधी मशीनचं सांगतो, बॅगेचं मग बघू.

तुम्हाला माहीतच आहे, की नोकरी सुटल्यावर मी बेकरीच्या मागची शेड भाड्याने घेऊन वेल्डिंग-फिटिंगचं वर्कशॉप टाकलं. वेल्डिंग माझं चांगलं आहे. (तुमच्या गेटलाच विचारा. ते नीट बंद होत नाही हा भाग वेगळा. जोड मात्र एकही सुटलेला नाही.) पण लोखंड लेथवर फिरवून कापायचं, म्हणजे टर्निंगचं काम आलं की ते मला बाहेर द्यावं लागे, आणि ज्याच्याकडे द्यावं लागे त्या टर्नरला आख्खी गल्ली ‘उद्या’ याच नावाने ओळखते. पंपाच्या कारखानदाराने मला सहा महिने पुरेल एवढं बुशांचं, म्हणजे पंपात बसणाऱ्या गोल कड्यांचं, काम देऊ केलं, पण स्पष्ट सांगितलं, की महिनाअखेरीपर्यंत स्वतःचं लेथ लावलंत तरच. ‘उद्या’च्या भरवशावर मी पंप थांबवून ठेवणार नाही, म्हणाला. हे काम गेलं असतं तर शेडचं भाडंही निघालं नसतं आणि या वयात मी पुन्हा कुणाच्या तरी दारात अर्ज घेऊन उभा राहिलो असतो. तुमच्या बहिणीने नव्वद हजार माझ्या हातावर ठेवले. त्यात मशीनही आलं पाहिजे आणि ते आणायचा टेम्पोही. वर एक पैसा मिळणार नाही, हे तिने ज्या आवाजात सांगितलं तो तुम्ही लहानपणापासून ऐकलेला आहे.

नव्या लेथकडे बघायचीही आमची ऐपत नाही, तेव्हा जुन्या वस्तूंच्या ॲपवर शोध सुरू झाला. दादा, तुम्ही त्या वाटेला कधी गेला नाहीत म्हणून सुखी आहात. तिथे प्रत्येक मशीन ‘एकहाती वापरलेलं’ असतं, प्रत्येकाची ‘कंडिशन एक नंबर’ असते, आणि प्रत्येक मालक ते केवळ जागेअभावी विकत असतो. फोटो असे काढतात, की मशीन सोडून सगळं दिसतं. एका फोटोत लेथवर चादर वाळत घातलेली होती. चादरीची कंडिशन खरोखरच चांगली होती. खाली किंमत, आणि किमतीपुढे ‘कमी-जास्त करू’. यातलं ‘जास्त’ हे नुसतं बोलण्याच्या ओघात येतं, असा माझा तोवर समज होता. भाव करायचं काम तुमच्या बहिणीने माझ्या फोनवरून, माझ्या नावाने केलं. मी समोरच्या माणसाला ‘नमस्कार, कसे आहात’ असं लिहिलेलं तिने पुसून टाकलं आणि त्याजागी ‘शेवटचे किती?’ एवढंच लिहिलं. उत्तर आलं तरी लगेच बघायचं नाही, हा तिचा नियम. ती फोन कपाटात ठेवून देते, आणि दोन-दोन तास कपाटातून टिंग टिंग ऐकू येत राहतं. अशा रीतीने एका सहा फुटी लेथचे एक लाख दहा तिने एक लाखावर आणले, तेही सगळे मिळून अकरा शब्दांत. लग्नाच्या वेळी हा गुण मला कुणी सांगितला असता तर हॉलचं भाडं ठरवायला मी स्वतः गेलोच नसतो.

बाकीचं मशीन समोर बघून, त्यात खोड काढून कमी करायचं असं ठरलं. मला लेथमधलं कळत नाही, पण घरात चाळीस वर्षं लेथवर उभा राहिलेला माणूस खिडकीपाशी खुर्ची टाकून बसलेला होता. बाबांनी यायचं, मशीनभोवती एक फेरी मारायची, नाराजीने मान हलवायची आणि फक्त ‘हं’ म्हणायचं. बाकी मी बघून घेणार. ‘बाबांना भाव करायला नेऊ नका’ असं तुम्ही फोनवर म्हणाला होतात तेव्हा मी हसलो होतो, त्याबद्दल इथे लेखी माफी मागतो. आदल्या दिवशी तुमच्या बहिणीने जेवणाच्या टेबलावर रंगीत तालीम घेतली. तिचं शिलाई मशीन मध्ये ठेवलं, मी विकणारा झालो, बाबा खोड काढणारे. बाबांनी चाकाला हात लावला, खोड अचूक काढली, स्क्रूड्रायव्हर मागितला आणि ती दुरुस्तही केली. गेली दोन वर्षं अडखळणारं मशीन सरळ शिवायला लागलं. आम्ही दोघांनी टाळ्या वाजवल्या. उद्या काय होणार आहे ते आपण आत्ताच बघितलं, हे टाळ्या वाजवताना दोघांच्याही डोक्यात आलं नाही.

विकणारे गृहस्थ दिव्यांचं दुकान चालवतात. (त्यांना आपण दिवेवाले म्हणू.) वर्कशॉप त्यांच्या काकांचं, बंद पडून तीन वर्षं झालेली, आणि लेथमधलं त्यांना माझ्याहूनही कमी कळत होतं, हे बघून मला फार बरं वाटलं. लांबट शेड, छपराच्या दोन काचा फुटलेल्या, भिंतीवर खिळ्यांना ओळीने टांगलेले पाने, आणि मधोमध लेथ. दिवेवाल्यांनी बटण दाबलं आणि मशीन असं खडखडलं, की ते स्वतःच दोन पावलं मागे सरकले आणि ओशाळून म्हणाले, ‘थोडा आवाज आहे. नव्वद द्या.’ दादा, मी अजून तोंडही उघडलं नव्हतं! मी मनातल्या मनात पुढचा हिशेब मांडला. हत्यार धरणारी स्लाइड हलते त्याचे पाच. कापायच्या लोखंडाचं दुसरं टोक धरणारा टेलस्टॉक गंजून जाम झालाय त्याचे पाच. आवाजाचे आणखी पाच, कारण तो थोडा नव्हता. म्हणजे पंचाहत्तर कुठेच गेले नाहीत. आनंद लपवायला मी रुमालाने तोंड पुसलं आणि बाबांकडे बघितलं.

बाबांनी मान हलवली नाही. ‘हं’ही म्हणाले नाहीत. त्यांनी मनगटावरचं घड्याळ काढून माझ्या हातात दिलं, बाह्या वर केल्या आणि भिंतीवरून हवा तोच पाना काढला. पहिल्यांदा त्यांनी आवाज घालवला. बाजूचं झाकण उघडून एका गियरची ढिली झालेली खीळ ठोकून बसवली, पट्टा ताणला, झालं. मी खाकरलो. मग स्लाइडच्या बाजूचे स्क्रू एकेक करून आवळले आणि तिचं हलणं थांबलं. मी हळूच त्यांच्या पायावर पाय दिला. ‘जावईबापू, खाली तेल सांडलंय, जपून उभे राहा,’ असं म्हणून त्यांनी मला बाजूला केलं आणि टेलस्टॉकला हात घातला. माझे पाच-पाच हजार डोळ्यांदेखत चालले होते. दिवेवाले धावत जाऊन रॉकेल घेऊन आले, चिंध्या घेऊन आले, शेवटी एक स्टूल घेऊन आले आणि त्यावर बसून बघत राहिले.

पण खरं सांगू का दादा, अर्ध्या तासाने मीही भाव विसरलो. आई गेल्यापासून बाबा तुमच्याकडे असोत की आमच्याकडे, आपण त्यांना काडी उचलू देत नाही. वहिनी पाण्याचा पेला हातात देतात, तुमची बहीण चष्मा पुसून देते, मी वर्तमानपत्र आणून देतो, आणि ते दिवसातून दोनदा आज वार कोणता म्हणून विचारतात. तोच माणूस इथे मशीनवर वाकून, डोळे मिटून त्याचं चालणं ऐकत होता. लेथच्या बेडवरून अंगठा फिरवत कुठे किती झिजलंय ते सांगत होता. (मी नंतर मापाने तपासलं. बरोबर निघालं. मला अंगठा असून उपयोग नाही, हे मी त्या दिवशी मान्य केलं.) मग त्यांनी कोपऱ्यातला सळईचा एक तुकडा मशीनच्या जबड्यात, म्हणजे चकमध्ये आवळला आणि कट घेतला. आवाज जेमतेम कानावर येईल एवढा, आणि लोखंडाची सलग, न तुटणारी साल निघत होती. तो तुकडा त्यांनी माझ्या तळहातावर ठेवला तेव्हा अजून कोमट होता, आणि इतका गुळगुळीत, की मला माझ्या सगळ्या वेल्डिंगची लाज वाटली. आपण यांचे जावई आहोत याचा एवढा अभिमान मला लग्नातही वाटला नव्हता.

अभिमान दोन मिनिटं टिकला. दिवेवाले स्टुलावरून उठले, चष्मा सारखा केला आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, की आता एक लाख तीस होतील. मी मोठ्या आशेने बाबांकडे बघितलं. त्यांनी थोडा विचार केला आणि सांगितलं, ‘बरोबर आहे. तेवढी किंमत आहेच याची.’

मी त्यांचं घड्याळ त्यांना परत दिलं आणि पंपवाल्याला काय सांगायचं ते मनात जुळवत दाराकडे वळलो. तेवढ्यात दिवेवाल्यांनी बाबांना कोपऱ्यातली आणखी चार मशीनं दाखवली: दोन ग्राइंडर, एक ड्रिल, एक पत्रा कापायचं. त्यांची जाहिरात टाकून वर्ष झालं, कुणी ‘आहे का?’ असंही विचारलेलं नाही. एवढी मार्गी लावून द्याल का? बाबा म्हणाले, त्यात काय, उद्यापासून येतो. पैशाचं नाव नाही! इथे मात्र तुमच्या बहिणीची संगत कामाला आली. मी काहीच बोललो नाही. कपाट नव्हतं म्हणून दोन मिनिटं छपराच्या फुटक्या काचांकडे बघत उभा राहिलो, आणि मग विचारलं, ‘मग लेथचे शेवटचे किती?’ दिवेवाले म्हणाले, आधी ही मशीनं होऊ देत, मग बसून बोलू.

बाबा तीन दिवस डबा घेऊन गेले. चौथ्या दिवशी ग्राइंडर आणि ड्रिल दुप्पट भावात गेले, तेही फोटोत चादर नसताना. दिवेवाल्यांनी खूश होऊन सांगितलं, की लेथ सत्तरला घेऊन जा. मी खिशात हात घातला, तो बाबा मध्ये पडले. सत्तर फार कमी होतात, यांच्या काकांनी जपलेलं मशीन आहे, नव्वद तरी घ्या! दिवेवाले म्हणाले छे छे, सत्तर. बाबा म्हणाले नव्वद. दिवेवाले मोठ्या नाइलाजाने पंचाहत्तरवर चढले. मी दोघांच्या मध्ये उभा राहून एकदा यांच्याकडे, एकदा त्यांच्याकडे बघत होतो, आणि घेणाऱ्याच्या बाजूने बोलणारं तिथे कुणीही नव्हतं. शेवटी पंच्याऐंशीला सौदा ठरला. पाच टेम्पोचे. तुमच्या बहिणीने हे सगळं ऐकून घेतलं, आत जाऊन दार लावलं, आणि मग बराच वेळ आतून तिच्या हसण्याचा आवाज येत होता.

तेव्हा मशीन नव्वदला पडलं. महिनाअखेरीच्या तीन दिवस आधी ते सुरू झालं. पंपवाला पन्नास बुश घेऊन गेला, सगळे मोजले, एकही परत आला नाही, आणि काम आपल्याला मिळालं. बाबा सकाळी आठला शेडवर हजर असतात आणि मी सव्वाआठला पोहोचलो तर घड्याळाकडे बघतात. वार कोणता ते आता मी त्यांना विचारतो.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद. तुम्ही स्वतःला जपा.

आपला,
तुम्ही तोंडावर दाजी आणि पाठीमागे वेल्डर म्हणता तो.

ता. क. बॅगेबद्दल लिहायचं राहिलं. खरं तर राहिलं नाही, धीर होत नव्हता. मी लेथ चालवून बघितलं. माझा पहिला बुश बाबांनी बराच वेळ उलटसुलट करून बघितला आणि हा कशासाठी केलाय असं विचारलं. हे काम त्यांच्या हातावर उभं आहे. आणि कामाचं सोडा, त्यांना पुन्हा त्या खुर्चीत बसवायचं माझ्या जिवावर आलंय. तुमच्या मनात किंतू आणू नका, पण सहा महिने त्यांना इथे राहू द्या.

दुसरा ता. क. सहा हे मी तुमच्या बहिणीच्या सांगण्यावरून लिहिलं. तुम्ही तीन म्हणाल आणि मग चारवर मिटेल, असा तिचा हिशेब आहे. मला हे लपवणं जमेना. पण चार तरी द्याच.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवायच्या आधी बाबांनी पत्र वाचलं. म्हणाले, ‘जावईबापू, मी काय ॲपवर आहे? माझा भाव कसला करताय?’ आणि माझ्या हातातलं पेन घेतलं. पुढचं अक्षर त्यांचं आहे.

चि. बाळास आशीर्वाद. मी येत नाही. तू मात्र रविवारी नक्की ये. चक उतरवून साफ करायचा आहे, जड आहे, आणखी एक माणूस लागेल. येताना जुने कपडे घाल.