पुखराजाची करामत

भैय्याजी, पाया पडतो.

तुमी नागपुरात सगळ्याइले सांगून राहिले, "माह्या पुखराजानं धाकट्याले वाचवलं." म्हणून खरं लिहितो.

तुमी दिलेली पुखराज खड्याची अंगठी बोटात रुतून बसली होती. साबण झाला, तेल झालं, निघेना. शेवटी त्या दिवशी रमाले "भाजी आणतो" सांगून क्वार्टरातून निघालो आन् अंगठी कापून घ्यायले दवाखान्यात रांगेत लागलो. डॉक्टरनं बोट हातात धरलं, तेवढ्यात माह्या छातीत कळ आली. डॉक्टर समोरच होता, म्हणून वाचलो. घरी असतो तर रमानं गॅस समजून ओवा चारला असता.

याले नशीब म्हणू का योगायोग? अंगठी नसती तर मी दवाखान्यात गेलोच नसतो. म्हणजे तुमचंच खरं निघालं, आन् तेच मले पचून नाही राहिलं.

डॉक्टरनं पहिले जीव वाचवला, मग अंगठी कापली. दोन्ही तुकडे देवघरात ठेवले आहेत, रोज हात जोडतो. पण हे पत्र पेटीत टाकत नाही. वाचलं की तुमी लगेच दुसरी अंगठी पाठवसान. ती बरोबर मापाची निघाली तर मले दवाखान्यात कोन नेईन?

तुमचा, अजून जिता असलेला,
दौलत
सेक्टर १०, भिलाई