अक्कल कुठे ठेवायची

मॅडम, तुमचा मला अजून राग येतो, हे आधी सांगते.

नाशिकच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती आणि मी, आम्ही दोघी एकाच आठवड्यात तुमच्या हाताखाली रुजू झालो. विंचूरच्या कांदा व्यापाऱ्यांना एकच टोल-फ्री नंबर हवा होता. शेतकऱ्याने तो कुठूनही फिरवावा आणि त्याच्या जवळच्या आडतीत फोन वाजावा. "कॉल कुठे जोडायचा हे ठरवणारी अक्कल कुठे ठेवायची, ते दोघी वेगवेगळं लिहून आणा," तुम्ही म्हणालात. मी लिहिलं, प्रत्येक एक्स्चेंजमध्ये; नाशिक, मनमाड, विंचूर, ज्याचं त्याने बघावं. तिने लिहिलं, मधल्या एकाच कॉम्प्युटरमध्ये. कॉल आला की बाकीच्यांनी त्याला फक्त विचारावं, कुठे जोडू? तुमच्या टेबलासमोर आम्ही उभ्या आहोत, चपला बाहेर काढलेल्या, एसीने पाय गार पडलेत. तुम्ही मला विचारता, "उद्या दुसरी सेवा आली, की पुन्हा सगळ्या एक्स्चेंजना हात लावणार?" मी म्हणते, "पण हिचा कॉम्प्युटर बंद पडला तर सगळंच बंद." तुम्ही चष्मा काढता. "ते तिने स्वतःच लिहिलंय. तू तुझ्या योजनेतली एक तरी खोट लिहिलीस का?" मुंबईच्या बैठकीला तुम्ही तिचे कागद नेलेत, आणि तिलाही. मी तीन दिवस डबा एकटीने खाल्ला.

पुढे ती पुण्याला खाजगी कंपनीत गेली. मी इथेच राहिले. तुम्ही रिटायर होऊन इंदिरानगरला राहायला गेलात, आजारी पडलात, तेव्हा दर रविवारी मऊ भात घेऊन मीच यायचे. तुम्ही दोन घास खायचात आणि विचारायचात, "ती काय म्हणते गं? फोन नाही तिचा." तुमचा नंबर बदलला होता, मॅडम. तिने मला ऑफिसात फोन करून विचारला होता. "शोधून सांगते," मी म्हटलं. ती हसली, "अगं, एक्स्चेंजमध्ये बसून तुला नंबर मिळत नाही?" दोनदा विचारलं तिने. तिसऱ्यांदा मीच फोन केला, तुम्ही गेल्याचं सांगायला.

नंबर मला पाठ होता. खरं तर हे पत्र तिला पाठवायला हवं; पत्ता आहे माझ्याकडे. पण तिला अजून वाटतं, मला नंबर मिळालाच नाही. तसंच वाटू दे, म्हणून पाठवत नाही.