मधली शिवण

दि. ४ ऑगस्ट

चि. गुंडीस,
ताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि. फोन बाबांच्या उशाशी असतो आणि आजारपणात त्यांचे कान फार तिखट झालेत, म्हणून लिहिते आहे.

बाबांना नागीण झाली आहे. डाव्या कुशीपासून पाठीपर्यंत पाण्याचे फोड, आणि आग अशी की सदरा सहन होत नाही. डॉक्टरीणबाईंनी लगेच गोळ्या सुरू केल्या. पण नागिणीचं तोंड आणि शेपटी जुळली की माणूस संपतो, हे बाबांच्या डोक्यात घट्ट बसलंय. रोज सकाळी टेप लावून उरलेलं अंतर मोजतात. जन्मभर लोकांच्या कमरा मोजल्या, आता स्वतःची. जुळायच्या आत गुंडीला बघू दे, एवढाच धोशा.

तुला दिवस गेलेत हे ऐकून डॉक्टरीणबाई थबकल्या. नागीण म्हणजे लहानपणच्या कांजिण्याच म्हणे. बऱ्या झाल्या तरी विषाणू नसांत झोपून राहतो आणि म्हातारपणी उठतो. तुला नागीण लागणार नाही, पण कांजिण्या कधी आल्या नसतील तर फोडांतल्या पाण्यातून त्या लागतील, आणि या दिवसांत ते तुला वाईट आणि बाळालाही. तुला आल्या होत्या का गं? आई असती तर तिला विचारलं असतं. बाबा छातीठोकपणे सांगतात की आल्या होत्या, खाजवू नये म्हणून त्यांनी हातमोजे शिवले होते. मला मात्र ते हातमोजे माझ्याच हातांवर आठवतात. की ऐकून ऐकून आठवतंय?

तुझं उत्तर येईपर्यंत जीव टांगणीला.
तुझी ताई


दि. ८ ऑगस्ट

ती. ताईस,
सा. न. वि. वि. तू जन्माची शंकासूर! कुलूप लावलं की नाही ते बघायला अर्ध्या रस्त्यातून परत येणारी. माझ्या भुवईवर खड्डा आहे ना, तो कांजिण्यांचाच. बाबा सांगतात ते मला पुरे. रविवारच्या गाडीचं तिकीट काढलंय.

हे घुश्शात आहेत. इतक्या वर्षांनी दिवस राहिलेत, जपायला हवं, हे काय मला कळत नाही? पण बाबांचं काही झालं आणि मी आले नसले, तर बाळाला उद्या काय सांगू? की तुझ्यासाठी थांबले?

रागाव हवं तर, पण अडवू नकोस.
तुझीच गुंडी


दि. ११ ऑगस्ट

चि. गुंडीस,
अ. आ. वि. वि. तो खड्डा शिलाई मशीनच्या कोपऱ्याचा आहे. तू रांगत होतीस. रक्त पाहून मीच तुझ्याहून मोठ्याने रडले होते. हे खात्रीने लिहिते, आणि माझी खात्री किती दुर्मीळ ते तू जाणतेस.

बाबांना खोटं पाडायचा धीर होईना. म्हणून आज फोडांवर ओली पट्टी ठेवताना सहज विचारलं की हातमोज्यांचं माप काय होतं. शिंपी तोंडाने काहीही बोलेल, मापात खोटं बोलत नाही. बाबा भिंतीकडे वळून पुटपुटले की हात सात वर्षांच्या थोरलीचा होता. मी सात वर्षांची असताना तू पाळण्यातही नव्हतीस.

तरी पुढे कधी नकळत येऊन गेल्या असतील, हेही शक्य आहे. रक्त तपासलं की कळतं. आधी ते, मग गाडी. त्यांना तोंडावर नाही म्हणायचं काम माझ्यावर आलं तर कसं म्हणू, हे मला अजून सुचलेलं नाही.

तुझ्या वाटेकडे डोळे लावूनही तू येऊ नयेस असं वाटणारी,
ताई


दि. १७ ऑगस्ट

चि. गुंडीस,
बाबांचे अनेक आशीर्वाद. तुझा रिपोर्ट ताईने सांगितला. रक्तात कांजिण्यांची खूण नाही. मला माहीत होतं. तुला बघायचं म्हणून खोटं बोललो. तिकीट परत केलंस ते बरं केलंस.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या की नागीण अंगाच्या एकाच बाजूने जाते, सहसा मधली रेघ ओलांडत नाही. मी म्हटलं, म्हणजे सदऱ्याची मधली शिवण. काल ताईकडून पाठ मोजून घेतली. शेपटी शिवणीपाशी थांबली आहे. भीती गेली असं नाही, पण टेप कपाटात ठेवली.

सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत तुझ्या जवळ यायचं नाही. ताई झबल्यांसाठी मऊ कापड आणणार होती. तिला सांगितलं, आत्ता घरात आणू नकोस. मी बरा झालो की कापीन.

बाळाचं माप कळवू नकोस. ते मी स्वतः येऊन घेईन.
बाबा