माझ्या अटकेची तयारी

४ मे १६१४, लंडन
राजाने आम्हाला न विचारता मनुकांवर टॅक्स बसवला! वाइनवरही! मग पार्लमेंट काय माश्या मारायला भरवलंय? उद्या बोलणारच. होलाकूम गावाने मला उगाच नाही निवडून दिलं. एका गावाला दोन मेंबर, म्हणून माझा मेहुणा गाइल्सही खपून गेला. बाकावर टोपी डोळ्यांवर ओढून झोपतो.

५ मे
उभा राहिलो. त्याच वेळी केंटचा एक वकील उभा राहिला. स्पीकरला तोच दिसला! मी त्याच्याहून वीतभर उंच आहे. मुद्दाम केलं. संतापाने जेवलो नाही. थोडं मटण, तेवढंच.

१२ मे
बोललो! रोमन लोकांपासून सुरुवात केली. ते अजून इटलीतच होते, तोच सगळं सभागृह खोकायला लागलं. दरबारी लोकांचा कट. गाइल्स म्हणतो, “भावोजी, खोकला कुणालाच नव्हता हो. मनुका कधी येणार, याची वाट बघून लोक कंटाळले.” गाढव.

२१ मे
दरबारातला एक मेंबर म्हणाला, टॅक्स लावायचा हक्क राजाला देवानेच दिलाय. मी लॅटिनमध्ये उत्तर जुळवत होतो. तेवढ्यात गाइल्स जागा झाला आणि बसल्या जागेवरून ओरडला, “मग आम्हाला कशाला बोलावलंत? जेवायला?” केवढा हशा! शरमेने मान खाली घातली. घरी येईपर्यंत झाडलं त्याला. सभागृहाची काही शान असते की नाही? म्हणे, “तोंडातून निसटलं हो.”

३ जून
एका मेंबरचे शब्द राजाला झोंबलेत म्हणे. माझेच. दुसऱ्या कुणाचे असणार? लंडन टॉवरच्या कैदेला तयार आहे. घरमालकीण मिसेस टॅपलींना बजावलं, शिपाई आले तर मला लपवू नका. म्हणाल्या, “मी कशाला लपवतेय? पण वर चढू देऊ नका त्यांना, जिना मोडेल. तुम्हीच खाली या.”

७ जून
राजाने पार्लमेंट बरखास्त केलं. एकही कायदा झाला नाही! दाढी केली, काळा कोट घातला, दाराशी बसून राहिलो. कुणी आलं नाही. सरकारी कामच असलं, ढिलं.

८ जून
आले! दोन्ही हात पुढे केले. शिपाई म्हणाला, “सरका काका. गाइल्स पॉम्फ्री कोण?” चूक होतेय, मी म्हणालो. खात्री पटावी म्हणून भाषणही सुरू केलं. तो म्हणाला, “याबद्दल आम्हाला काही हुकूम नाही.” गाइल्स न्याहारी करत होता. हातातल्या पावासकट नेला.

९ जून
झोपाळू चोर! माझी अटक पळवली. आणि बायकोला, डॉर्कसला, काय सांगू? एकुलता एक भाऊ तिचा. ठरलं. राजाकडे जाऊन सांगणार, खरा गुन्हेगार मी. आजच निघालो होतो. पण पोटात कळ आली. उद्या.

१० जून
पोट.

१४ जून
टॉवरवर गेलो. पहारेकऱ्याला नाव, गाव, भाषणाचा विषय, सगळं ठणकावून सांगितलं. म्हणाला, “भेटायला आलात ना? मग जा की आत.”
गाइल्स भिंतीला टेकून बसला होता. टक्क जागा. धीराचे चार शब्द वाटेत पाठ केले होते. तोंड उघडलं.
तो म्हणाला, “भावोजी, बोलू नका. नुसते बसा ना जवळ.”
बसलो.