रिकाम्या पट्टीचं मोजमाप

अण्णा, तुमच्या श्राद्धासाठी झाशीला आले आहे आणि सकाळपासून स्वयंपाकघरात नुसती आत-बाहेर करते आहे. आल्याची चटणी वाटता वाटता वहिनी दोनदा म्हणाली, "ताईजी, बैठ जाओ ना थोडी देर, तुम्हाला बघून मलाच धडधडतंय." मी बसते, फोन पाहते, पुन्हा उठते. तिकडे प्रयोगशाळेत माझा सहकारी आज रिकामी पट्टी मोजतो आहे आणि माझं तीन वर्षांचं काम तिच्यावर टांगलेलं आहे.

नीट सांगते. आम्ही गार्नेट नावाच्या स्फटिकाच्या चकत्या करतो, केसाच्या जाडीहूनही कितीतरी लहान. त्यांतून वीज वाहत नाही, पण त्या चुंबकीय असतात. धातूच्या पट्टीवर चकती ठेवायची, पट्टीतून सूक्ष्मलहरी सोडायच्या, बाहेरचं चुंबकीय क्षेत्र हळूहळू वाढवायचं आणि चकती त्या लहरी कुठे शोषते ते पाहायचं. दोन महिन्यांपूर्वी सगळ्यांत लहान चकतीच्या आलेखात नेहमीच्या उंचवट्याशेजारी आणखी एक उंचवटा दिसला, कुणीच न पाहिलेला. शोधनिबंध लिहून झाला. आणि परवा लक्षात आलं, जुनी तांब्याची पट्टी आम्ही चकतीशिवाय मोजली होती, पण सोन्याचा मुलामा दिलेली नवी आली तेव्हा ते राहूनच गेलं. मुलाम्याखाली निकेलचा थर असतो, आणि निकेल स्वतःच चुंबकीय. उंचवटा त्याचा असेल तर आमच्या हाती काहीच नाही.

तुम्ही भौतिकशास्त्र शिकवायचात त्याच कॉलेजात मी शिकत होते. चुंबकामुळे सुई किती वळते ते झोकात लिहून आणलं, आणि घरी मराठीत बोलणारे तुम्ही सगळ्यांदेखत पोटच्या मुलीला म्हणालात, "मैडमजी, चुंबक हटाकर सुई कहाँ थी, यह कौन बताएगा?" टेबलाचे पाय लोखंडी होते; सुई त्यांच्यामुळे आधीच वळलेली होती. त्या दिवशी मी जेवले नाही आणि तुम्ही समजूतही काढली नाहीत. त्याचा राग अजून थोडा आहे.

हे लिहीत असतानाच फोन आला. रिकाम्या पट्टीवरही उंचवटा आहे, तसाच, त्याच जागी. मी म्हटलं, "ठीक आहे, निबंध थांबव, सगळ्यांना आजच सांग." आवाज अगदी कोरडा निघाला. वहिनी पानं मांडते आहे, आणि हे पत्र काही कुठे जायचं नाही. पण तुम्हाला म्हणून सांगते: गेले दोन महिने मी इतकी सुखात होते की प्रयोगशाळेचे जिने धावत चढायचे, आणि मोजमाप चुकलं तरी ते सुख खोटं होतं असं मला काही केल्या वाटत नाहीये.