मधली हिरवी रेघ

९ जानेवारी, गुरुवार
फर्नांडिस सरांच्या संगीताच्या शिकवणीवरून आत्ताच आले. एकाच वेळी चालणाऱ्या चार आवाजांचा, आठ ठोक्यांचा अभ्यास दिला होता. त्यात चुकांचे अकरा लाल गोल. छप्पन्नाव्या वर्षी शाळेतल्या पोरीसारखी मान खाली घालून बसले.
सर म्हणाले, "बाई, तुमचे दोन आवाज हातात हात घालून चालतात. हा सा वरून रे वर, तो प वरून ध वर. अंतर तेच. मग दुसरा आवाज हवाच कशाला?"
मी ते मुद्दामच तसं केलं होतं. मला सुंदर दिसलं होतं. सरांच्या पुस्तकातली ही कोरालं, म्हणजे चर्चची तीनशे वर्षांपूर्वीची गाणी, मी ग्राफच्या कागदावर मांडते. साडीच्या काठाचं डिझाइन काढायचे कागद, आण्णांच्या, म्हणजे वडिलांच्या वेळचे, अजून अर्धा गठ्ठा आहे. आडवे चौकोन म्हणजे ठोके, उभे म्हणजे सूर. वरचा आवाज जांभळा, त्याखालचा हिरवा, मग निळा, तळाला काळा. काठात दोन रेघा सारख्या अंतरानं शेवटपर्यंत गेल्या की आण्णा खूश व्हायचे. इथं त्यालाच चूक म्हणतात. तीस वर्षं काठ काढलेत, ती सवय एका गुरुवारात कशी जाणार.

१३ जानेवारी, सोमवार
देवळात भजन. नेहमीप्रमाणे पेटी माझ्याकडे, बाकी वीस बायका माझ्यामागून. सगळ्यांची एकच चाल, एकच सूर. एरवी याचाच अभिमान वाटायचा, की शालनक्कानं धरलं म्हणजे कुणी हलत नाही. आज उगीच दुसरी ओळ शोधत बसले कानानं. नव्हती.
घरी आले. मागच्या खोलीतले दोन्ही माग दिवाळीआधी गेले, फरशीवर नटबोल्टांची भोकं तेवढी राहिलीत. सगळी खासबाग, बेळगावातली ही विणकरांची वस्ती, मागांनी खडखडते आणि आमच्याच घरात फ्रीजचा आवाज ऐकू येतो. एकटं वाटतं. लिहून टाकलं, झालं.

१४ जानेवारी, संक्रांत
कमळला तिळगुळाचा मेसेज लिहिला. पुसला. धाकटी बहीण, निपाणीत, दोन तासांवर. तीन वर्षं एक अक्षर नाही. गोड बोला म्हणायचं तर मी कुठल्या तोंडानं म्हणू.
शेजारच्या सुमनवहिनी तिळगूळ द्यायला आल्या आणि हळूच विचारलं, "कॅम्पात चर्चवाल्याकडं जातीस म्हणं. धर्मबिर्म बदलतीस काय गं?" म्हटलं, नुसतं गाणं शिकते. तरी जाताना तुळशीला पाणी घातलंय का, ते बघून गेल्या.

२३ जानेवारी, गुरुवार
आज फक्त तीन गोल. सरांनी तो अभ्यास त्यांच्या पायपेटीवर वाजवून दाखवला. पायानं भाता, दोन्ही हात मोकळे, चारही आवाज एकदम. मी लिहिलेलं. माझ्या अंगावर काटा आला. सर म्हणाले अजून कच्चं आहे. असू दे.
माझ्या पेटीवर हे होत नाही. डावा हात भात्यावर, उरली उजव्या हाताची पाच बोटं. वरचा आवाज आणि तळाचा काळा यांत दीड-दोन वितींचं अंतर. म्हणून आधी वरच्या दोन रेघा वाजवते, मग खालच्या दोन, आणि डोक्यात एकत्र करते. आत्ता नुसती भाकरी खायची आणि तासाभरानं नुसती आमटी, तसं.

६ फेब्रुवारी, गुरुवार
आज सरांनी एक नियम सांगितला. एकदम वाजणाऱ्या सुरांच्या एका जुळणीतून दुसरीत जाताना जो सूर दोन्हीकडे आहे, तो ज्याच्याकडे आहे त्याच्याकडेच राहू द्यायचा. सा-ग-प वरून म-ध-सा कडे जायचं, तर सा दोघांत आहे. ज्याच्याकडे सा आहे त्यानं जागचं हलायचं नाही. बाकीचे जातील. तो थांबला म्हणून तर बाकीचे कुठं गेले ते कळतं.
वहीत उतरवून घेतलं. बसमध्ये कंडक्टर कानडीत 'मुंद होगरी, मुंद होगरी', पुढं चला, करत होता आणि मी दाराजवळच उभी. थांबणारा सूर. मला कमळ आठवली. ती अशीच थांबायची.

७ फेब्रुवारी
काल पुढं लिहिता आलं नाही. आज लिहिते, कारण कधीतरी लिहायलाच पाहिजे.
तीन वर्षांपूर्वी सुनंदाची, म्हणजे कमळच्या मुलीची हळद. निपाणीत, मांडवात. हळदीचं गाणं मी सुरू केलं, बायका मागून. शेवटच्या ओळीत चाल ग वरून म वर जाते, मग रे, मग सा. कमळ माझ्याशेजारी. आम्ही म वर गेलो तर ही सा वरच अडून बसली. आम्ही रे वर आलो तर ही खाली नी वर. लहानपणापासूनची खोड. शाळेत प्रार्थनेलाही करायची, मी चिमटा काढायचे, मग गुमान माझ्यामागून यायची.
त्या दिवशी चिमटा नाही काढला. गाणं थांबवलं. तिच्या सासूसमोर, विहिणीसमोर म्हणाले, "कमळे, बेसूर हुतीस. तू गप बस बघू." विहीण हसली, मग सगळ्याच हसल्या. कमळ उठली आणि चहाचं बघायला आत गेली. लेकीच्या हळदीचं गाणं आईविना झालं.
त्यानंतर ती आली नाही, बोलली नाही. मला वाटायचं, केवढा तो राग, सूर चुकला तो चुकलाच की.

१३ फेब्रुवारी, गुरुवार
आज एक लबाडी केली. सरांनी ग-म-रे-सा अशीच ओळ दिली होती, खाली तीन आवाज घाला म्हणून. हिरवी रेघ मी कमळची घातली. जशी आठवली तशी. सा, सा, नी, सा. निळी आणि काळी माझी.
सरांना हल्ली नीट दिसत नाही, कागद नाकाशी धरतात. निळ्यात एक गोल काढला, काळ्यात एक. हिरवी बोटानं दोनदा तपासली, मग कागद खाली ठेवून म्हणाले, "ही मधली ओळ कुणाची? तुमची नाही."
बहिणीची म्हटलं. कुठं शिकल्या विचारलं. कुठंच नाही, नववीत शाळा सुटली, मग आमच्याकडे मागाच्या कांड्यांवर सूत भरायची. सर म्हणाले, आमच्या चर्चमध्ये असा आवाज मिळावा म्हणून आम्ही वर्षानुवर्षं वाट बघतो. मग विचारलं, "गातात का अजून?"
मी माहीत नाही म्हणाले. खोटं नव्हतं.
घरी येऊन जेवले नाही. ती बेसूर नव्हती. चाळीस वर्षं ती माझ्या खाली नवी वाट काढत होती आणि मी चिमटे काढत होते.

२० फेब्रुवारी, गुरुवार
सर उद्या मुलीकडे गोव्याला. दोन्ही डोळ्यांचं ऑपरेशन, दोन-तीन महिने तरी येणार नाहीत. घराला कुलूप, म्हणजे पायपेटीही कुलपात. जाताना एक अख्खं कोराल दिलं, सोळा ओळींचं. नुसती वरची चाल. खालचे तीन आवाज मी घालायचे.
"आणि बाई, मी यायच्या आत ते ऐका. चारही एकदम. डोळ्यांनी तपासलेलं मला चालणार नाही."
हो म्हटलं. आता कसं ऐकू?

२ मार्च, रविवार
कोराल पूर्ण झालं. नऊ दिवस लागले, सतरा कागद फुकट गेले. समांतर रेघ एकही नाही, तीनदा बघितलं. हिरव्या रेघेला कुठं अडलं की कमळनं काय केलं असतं असा विचार करायचा, की सुटायचं.
सुमनवहिनींच्या सुनेनं मोबाईलवर एक ॲप दाखवलं. सूर भरले की वाजतात. वाजले, बरोबर वाजले. पण ओळ संपली तरी कुणी श्वास घेत नाही. मन भरलं नाही.
मग अक्कल चालवली. मागाची जुनी दोरी काढली, भात्याला बांधली, दुसरं टोक पायाच्या अंगठ्याला. हातमागावर पाय मारायची लहानपणची सवय, म्हटलं जमेल. तीन ठोके खरंच वाजले. चौथ्याला भात्याचा पट्टा तुटला आणि पेटी मांडीवर आली. अति शहाणा त्याचा बैल रिकामा. हसायला आलं, पण हसून दाखवायला कुणी नाही म्हटल्यावर तेही लवकर संपलं.

९ मार्च, रविवार
पट्टा शिवून आणला. भाता मारायला माणूस पाहिजे, एवढीच गोष्ट आहे. सुमनवहिनी मारतील, भजनातल्या वीस जणीही मारतील. पण मला कुणीही नको आहे. कुणी हवंय ते मला माहीत आहे.
फोन केला. सुनंदानं घेतला, माहेरपणाला आलीय. मावशी म्हणून बोलली. मग बाजूला कुजबुज, आणि मग, "आई कामात हाय. नंतर करती म्हणाली."
संध्याकाळपर्यंत फोन जवळ घेऊन बसले.

१६ मार्च
फोन नाही.

२३ मार्च, रविवार
निपाणीला गेले. न कळवता. वाटेत चारदा वाटलं संकेश्वरला उतरून परत फिरावं.
कमळनं दार उघडलं. बारीक झालीय. "ये" म्हणाली. चहा केला, कांदेपोहे केले, पाहुण्याला करतात तसे. कोण आजारी, कुणाचं लग्न ठरलं, माग विकले ते बरं केलंस की नाही. तासभर हेच. माझ्या पिशवीत कागद होता, तो काढलाच नाही. हळदीचा विषय तिनं काढला नाही, मीही नाही. मी असली भित्री असेन असं वाटलं नव्हतं.
बसस्टँडवर सोडायला आली. बस लागली, माणसं चढायला लागली, तेव्हा कुठं तोंड उघडलं. "कमळे, त्या दिवशी तू बेसूर न्हवतीस. मला कळत न्हवतं. माझं चुकलं."
ती स्टँडच्या पाटीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "तवापासनं मी देवळातबी त्वांड उघडल्यालं न्हाई, आक्का. नातवाला झोपीवतानाबी न्हाई. आता कळून काय उपेग?"
मी म्हटलं, एकदा घरी ये. गायला नको, भाता मारायला ये. माझा हात पुरत नाही.
बघू म्हणाली. बस सुटली. बेळगावपर्यंत रडले, शेजारच्या बाईनं लिंबू दिलं, तिला वाटलं गाडी लागली.

३० मार्च, पाडवा
गुढी उभारली, एकटीनं. काठी धरायला कुणी नव्हतं, खिडकीच्या गजाला बांधून घेतली. फोन नाही. कोराल रोज वाजवते, दोन रेघा आधी, दोन नंतर.

६ एप्रिल, रविवार
कमळ आली.
अकराच्या सुमारास दारात. हातात गुळाची ढेप. कशाला आलीस विचारलं नाही, तिनंही सांगितलं नाही. मागची खोली बघून आली. "केवढी मोकळी वाटतीया," म्हणाली. जेवलो. मग पदर खोचून पेटीच्या पलीकडं बसली आणि भात्यावर हात ठेवला.
समोरासमोर. तिचा हात, माझे दोन्ही मोकळे. चाळीस वर्षांत तिच्याकडे तोंड करून कधी वाजवलंच नव्हतं, ती कायम शेजारी किंवा मागं.
चारही आवाज ऐकायचे म्हणून अडीच महिने धडपडले, आणि ऐन वेळी तीनच वाजवले. जांभळा, निळा, काळा. हिरवा सोडला. असं आधी ठरवलं नव्हतं. तिची ओळ तिच्यासमोर मी वाजवायची, हे बोटांना पटलं नाही. सोळा ओळी. भाता एकदाही अडखळला नाही, ओळीच्या शेवटी ती आपोआप दम घ्यायची.
संपल्यावर म्हणाली, "परत वाजीव."
परत वाजवलं, तसंच. ती गायली नाही. मी मान वर केली नाही, पट्ट्यांकडेच बघत होते.
मग तिनं पेटीवरचा कागद ओढून घेतला. ग्राफ वाचायला तिला कुणी शिकवायला नको, आण्णांनी दोघींना एकत्रच शिकवलाय. हिरव्या रेघेवर बोट ठेवून शेवटपर्यंत गेली.
"ही वाजीवली न्हाईस तू."
"न्हाई."
"पयला सूर कुठला हिचा?"
"सा," म्हटलं.
तिनं पेटीवर कापड घातलं, पाणी प्याली. साडेचारच्या बसनं गेली. पुढं कधी येणार बोलली नाही, मी विचारलं नाही. सरांना सांगायचं तर चारही आवाज अजून ऐकलेले नाहीत.
दिवा लावताना बघितलं, कागद पेटीवर नाही. खाली पडला नाही, कापडातही नाही. जास्त हुडकलं नाही.